रातपाळीचा पुसलेला आवाज

१

जुलैतल्या त्या गुरुवारी बहिरू भोये रेकॉर्डिंगला निघाला तेव्हा त्याच्या हातात छत्री होती, डबा होता आणि दुसरं काहीच नव्हतं. गिटार पंचवटीत, रेकॉर्डिंग करणाऱ्या हर्षलच्या खोलीवरच असे. पावरी घरात होती, कापडात बांधून पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला टांगलेली. भोपळ्याची आणि बांबूची, फुंकून वाजवायची ती पावरी कुसाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, गावाकडची पेरणी झाली त्याच दिवशी तिथे टांगली होती.

"भिजू नका बाबा, घसा बसेल," सविता म्हणाली.

"बसू दे. रॉकवाल्याचा घसा बसला की लोकांना वाटतं, आता खरं गातोय."

सविता हसली नाही. तिला हसू उशिरा यायचं, आणि येईपर्यंत माणूस निघून गेलेला असायचा. सातपूरच्या माडीवरच्या त्या दोन खोल्यांत पुस्तकांना जागा नव्हती, तरी तिने ती पलंगाखाली आणि मोरीच्या वरच्या फळीवर कोंबून ठेवली होती. ती एका वाचनालयात नोकरी करायची आणि गुरुवारी तिला सुट्टी असायची.

बहिरूचा बँड होता 'रातपाळी'. एका कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या चौघांनी एक्क्याण्णव साली तो काढला. रात्री लेथवर उभं राहायचं आणि दुपारी झोपायचं सोडून वाजवायचं. कॉलेजवाले म्हणायचे, "इंग्रजी वाजवा की काहीतरी." बहिरू म्हणायचा, "आम्ही आमचंच वाजवतो, तुम्ही कान तुमचे आणा." त्यांची एक कॅसेट निघाली. ती नाशिकबाहेर फारशी गेली नाही, पण नाशिकमध्ये पानटपरीवर वाजली. शहाण्णवला कारखान्याला कुलूप लागलं आणि चौघे चार दिशांना गेले. आता, दोन हजार पाचमध्ये, ते पुन्हा एकत्र आले होते. पोटं सुटलेली, केस गेलेले, आणि गाणी मात्र नवीकोरी. जुनी गाणी वाजवायला बहिरूने साफ नकार दिला होता. "मेलेलं मांजर किती दिवस पाळायचं?" असं तो म्हणाला होता.

संध्याकाळी तो भिजूनच परतला. भाकरी खाल्ली, हात धुतले आणि पंच्याला पुसत म्हणाला, "शेवटचं गाणं झालं आज. आवाज भरला."

"हं," सविता पुस्तकातून म्हणाली.

एवढंच. कसलं गाणं, काय शब्द, तिने विचारलं नाही. उद्या विचारता आलं असतं.

शुक्रवारी सकाळी बहिरू उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

२

बहिरूचे दिवस झाले. त्यानंतर एका दुपारी रातपाळीतले उरलेले तिघे हर्षलच्या खोलीवर जमले. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागे, अरुंद जिन्याने वर गेलं की ती खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एक माइक, एक कॉम्प्युटर. हर्षल पंचविशीतला, सटाण्याचा. त्याने सविताला मुद्दाम बोलावलं होतं.

"बाबांनी त्या दिवशी एकट्यानेच गायलं," तो म्हणाला. "यांच्यापैकीही कुणी ऐकलं नाहीये. तुम्ही पहिल्यांदा ऐकायचं, असं मला वाटलं."

त्याने गाणं लावलं. आधी ड्रम आला, किशोरचा. मग राजूचा बास. मग चंदरची गिटार, आणि त्यावरून पावरीचा लांब, घोगरा सूर. सविताने ओढणीचं टोक मुठीत धरलं. आता आवाज येणार.

आवाज आला नाही. गाणं तसंच मुकं चालत राहिलं आणि संपलं.

हर्षल पडद्याकडे वाकला. तिथे प्रत्येक वाद्याची एकेक आडवी पट्टी होती. सगळ्यात वरची पट्टी रिकामी होती.

"इथे होता," तो म्हणाला. "इथे आवाज होता. कुणीतरी पुसलाय."

"मशीनचं काही झालं असेल," किशोर म्हणाला.

"मशीन एकच पट्टी निवडून पुसत नाही, काका. आणि पुसल्यावर मागचा कचराही रिकामा करत नाही. हे माणसाचं काम आहे."

"दुसरी कॉपी?" चंदरने विचारलं.

"नाही. गुरुवारी दुपारी गाणं संपलं आणि घरून फोन आला, कांद्याची चाळ गळतेय. तसाच सटाण्याला गेलो. तिकडेच बाबा गेल्याचं कळलं. तुमच्यासाठी किल्ली खाली ठेवली होती, म्हटलं कुणाला बसावंसं वाटेल, ऐकावंसं वाटेल. गाणं कसं लावायचं ते तिघांनाही शिकवलेलं होतंच."

कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. सविताने मात्र तिघांकडेही पाहिलं. तिच्या बापाचा शेवटचा आवाज या खोलीत होता आणि या तिघांपैकी एकाने तो संपवला होता.

३

किल्ली खाली भाजी विकणाऱ्या गोजराबाईकडे असे.

"कोण कोण घेऊन गेलं, मावशी?"

"तिघंबी. तो टकल्या आला, चंदर. मेथी घेतो म्हणला नि घेतली नाय. तो मनमाडवाला आला, रडून रडून डोळे लाल. त्याला मीच पाणी दिलं. नि तो गाडीवाला किशोर. त्यानं शंभराची नोट दाखवून सुट्टे मागितले. भाजीवालीला शंभराची नोट! ह्याच्यावरून तूच वळख, कोण कसलाय."

"वर कोण जास्त वेळ होतं?"

"मी भेंडी विकू का घड्याळ बघू, बाई?"

राजू आणि चंदर जिन्यावर चहा घेऊन बसले होते. राजू मनमाडला सायकलचं दुकान चालवायचा आणि प्रॅक्टिससाठी गाडीने यायचा. चंदर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. बहिरूशी त्याचं जुनं वाकडं होतं. गाणार कोण, यावरून शहाण्णवला दोघांची झोंबाझोंबी झालेली सगळ्या सातपूरला माहीत होती.

सविता त्यांच्यासमोर उभी राहिली. "चंदरकाका, सरळ विचारते. तुम्ही पुसलं?"

"सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगतो. मी पुसलं असतं तर जागा रिकामी ठेवली असती का? माझा आवाज भरून मोकळा झालो असतो. एवढी वर्षं तेवढ्यासाठीच तर भांडलो."

राजूला हसू आलं आणि हसताहसता त्याचे डोळे भरले. "मी आलो होतो, सवू. पण गाणं लावायचं धाडसच झालं नाही. तसाच माघारी गेलो. ह्याला विचार, जून लागल्यापासून आम्ही दोघंच बहिरूसोबत बसायचो. ड्रम तर एप्रिलातच भरून झाले होते. ड्रम आधी भरतात, त्यावर बाकीचं चढतं. त्यामुळे किशोर एप्रिलनंतर इकडे फिरकलाच नाही."

"आणि बाबा?"

"बाबा काय, जूनमध्ये पावरीच्या जागी तोंडानेच हूंऽ हूंऽ करायचा. आम्ही म्हणायचो, अरे वाद्य विसरलास का घरी? तर म्हणायचा, 'तिला रजा हाय.'"

"शब्द? या गाण्याचे शब्द माहीत होते तुम्हाला?"

दोघांनीही मान हलवली. तेव्हा वरच्या पायरीवरून हर्षल म्हणाला, "मला आहेत. इतक्या वेळा गायले त्यांनी की पाठच झाले."

आणि त्याने तिथेच, भाजीबाजाराच्या गलक्यात, सुराशिवाय सांगितले:

"ट्रक भरला, फाळका लागला,
भागीबाई उभीच, बसायला जागा नाही.
मुकादमाची बोटं फाळक्यावर नाचतात.
वळणावर एक माणूस कमी झालं,
आणि ताल चुकला नाही."

चंदरने कप खाली ठेवला. "भागीबाई कोण?"

सविताला माहीत होतं. पेठच्या वरच्या अंगाला बोरपाडा आहे, तिथली. द्राक्षाच्या छाटणीला आणलेल्या मजुरांच्या ट्रकमधून घाटाच्या वळणावर ती पडली आणि गेली. पोलीस आले तेव्हा माणसं पुरवणाऱ्याने सांगितलं, ही बाई आमची नव्हेच, रस्त्याच्या कडेला चालत असेल. ट्रकमधल्या कुणी तोंड उघडलं नाही. पुढच्या हंगामात पुन्हा त्याच ट्रकमध्ये चढायचं होतं.

तो पुरवणारा कोण, ते मात्र बहिरूने घरात कधी सांगितलं नव्हतं.

४

पेठ नाक्यावर मजूर उभे असतात आणि त्यांना न्यायला येणाऱ्या गाड्याही. किशोर तिथेच भेटला. कारखाना बंद पडल्यावर त्याने बराच काळ धंदा शोधला, आणि शेवटी माणसं पुरवायचा धंदा धरला. अंगात पांढरा शर्ट, खिशात मोबाइल. तो ट्रकला टेकून उभा होता, आणि बोलताबोलता त्याची बोटं मागच्या फाळक्यावर चालली होती. आधी हळू, मग दुहेरी, मध्येच एक थाप. ड्रमवाल्याची बोटं. ती गप्प बसत नाहीत.

सविता त्या बोटांकडे बघत राहिली.

"ये पोरी. चहा घेशील?"

"नको. आवाज कुणी पुसला, काका?"

किशोरची बोटं थांबली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगणार नव्हतो. तुला त्रास होईल म्हणून. पण तू सोडणार नाहीस, बापावर गेलीस. तर ऐक. पुसला त्यानेच."

"कुणी?"

"बहिरूने. गुरुवारी हर्षल सटाण्याला गेला ना, त्यानंतर मला बहिरूचा फोन आला, ये म्हणाला. गेलो. तो एकटाच बसलेला, त्या स्टुलावर. मांडीवर पावरी. गाणं लावून त्यावर पावरी वाजवत होता. काय वाजवली, सवू! अंगावर काटा आला. मग ती खाली ठेवून म्हणाला, 'किशोर, हे शब्द नकोत. नाव घेऊन कुणाला दुखवण्यात काय आहे? नुसती पावरी राहू दे.' आणि माझ्यासमोर पुसलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. मेलेल्या माणसाची इच्छा ती, मी कोणाला सांगू?"

सविता निघायला वळली.

"आणि तू तरी कशाला त्यात पडतेस?" किशोर आता जवळजवळ मायेने म्हणाला. "वाचनालयात मानाची नोकरी आहे. तिथे कोण तुला पेठची म्हणून ओळखतं? नाशिकची म्हणून ओळखतात. ते गाणं वाजलं की चार लोक विचारणार, भागीबाई कोण, बहिरू कोण, ही कोण. गप्प राहा, तुझंच बरं होईल. नवं गाणं नुसतं पावरीचं करू. कार्यक्रमाला हॉल मी घेतलाय, माणसं मी आणतो."

ती बसने सातपूरला परतली. खिडकीच्या काचेला डोकं टेकून तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली. त्या संध्याकाळी बाबा फक्त 'आवाज भरला' म्हणाले होते. त्यानंतरचं ते काहीच बोलले नव्हते. ती पुस्तकात होती. दुपारी काय झालं ते तिने विचारलं नव्हतं.

खरंच त्यांनी माघार घेतली असेल तर? भागीबाईला ट्रकने सोडलं, पोलिसांनी सोडलं, आणि शेवटी बाबांनीही?

५

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. कुसाबाई तांदूळ निवडत होती. किशोरचं बोलणं संपेपर्यंत ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग तिने सूप बाजूला ठेवलं.

"बोलाव त्याला," ती म्हणाली. "समद्यांना बोलाव."

रविवारी दुपारी चौघे आले. खाली चटईवर राजू, चंदर, हर्षल, आणि एकुलत्या खुर्चीवर किशोर. कुसाबाई चुलीशी. सविताने बोलायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज वाचनालयात असतो तसाच शांत होता.

"किशोरकाका, गुरुवारी दुपारचं यांनाही सांगा. मला सांगितलं तसंच."

किशोरने सांगितलं. स्टूल, मांडीवरची पावरी, अंगावरचा काटा. राजूने चंदरकडे पाहिलं.

"पावरी कुठली होती, काका?"

"कुठली म्हणजे? त्याची. त्याला एकच होती."

"ही?" तिने वर बोट केलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. अँगलला कापडात गुंडाळलेलं गाठोडं लटकत होतं.

"हो, हीच की. कापडातून काढून वाजवली, परत गुंडाळून घेऊन गेला."

"आई," सविता म्हणाली.

कुसाबाई उठली, स्टुलावर चढली आणि तिने गाठोडं अलगद खाली घेतलं. कापडाभोवती हळदीत बुडवलेला दोरा गुंडाळला होता, आणि गाठीवर कुंकवाचा थर वाळून घट्ट बसला होता. दोरा कुठे तुटला नव्हता. कुंकवाला तडा नव्हता.

"आमच्यात पेरणी झाली का पावरी बांधून ठेवतात," ती म्हणाली. "नवा भात देवाला दाखवला का मग सोडायची. मधी कुणी वाजवायची नाय. वाजवली तर पिकाला बरं नाय. ह्यांनी कधी वाजवली नाय, एवढ्या वर्षांत नाय. ही गाठ म्या बांधली, पेरणीला. सोडणार बी मीच."

राजूने पुढे वाकून गाठ निरखली.

"म्हणून बाबांनी पावरीचं सगळं काम उन्हाळ्यातच उरकून घेतलं," सविता म्हणाली. "तुमच्यासमोर, काका, एप्रिलात. तुम्ही तेव्हा जे पाहिलंत तेच उचलून जुलैमध्ये ठेवलंत. राजूकाका आणि चंदरकाका असं कधीच म्हणाले नसते. जूनपासून बाबा तोंडानेच सूर लावायचे, हे त्यांनी पाहिलं होतं. तुम्ही आला नव्हता. गुरुवारी मी दिवसभर या खोलीत होते. बाबा छत्री आणि डबा घेऊन गेले, छत्री आणि डबा घेऊन आले. तुमच्या गोष्टीतली पावरी खोटी, म्हणून तो गुरुवार खोटा, म्हणून बाबांची ती इच्छाही खोटी. उरतं काय? बाबा गेल्यावर किल्ली घेऊन वर गेलेला माणूस. त्याने गाणं लावलं, फाळक्यावरची बोटं ऐकली आणि स्वतःला ओळखलं. चंदरकाकांना आवाजाच्या जागी स्वतःचा आवाज हवा होता. राजूकाकांना तो ऐकायचंही धाडस नव्हतं. तो नाहीसा व्हायला हवा होता तो फक्त तुम्हाला."

किशोर खुर्चीतून उठला. "एका दोऱ्यावरून मला पकडतेस?"

"तू बोल की," राजू म्हणाला. "पावरी वाजवली म्हणून शपथ घे. ह्या गाठोड्यावर हात ठेव नि घे."

किशोरने गाठोड्याकडे पाहिलं. हात पुढे झाला नाही.

"एका गाण्याने मी आत गेलो असतो," तो शेवटी म्हणाला. "बहिरूला सांगितलं होतं मी, भागीबाईचं नाव काढू नको. आपण एका ताटात जेवलोय. मित्र होता माझा."

"आणि ती कोणाची होती?" कुसाबाईने विचारलं.

तो दारापर्यंत गेला आणि तिथे वळला. "हॉल रद्द. ड्रमवाला नाही, गाणारा नाही, आवाज नाही. करा तुमचं पुनरागमन."

चप्पल न घालताच तो खाली उतरला. चंदरने चप्पल उचलून त्याच्या मागे जिन्यावरून भिरकावली.

"वाजवायचं," चंदर म्हणाला. "आता तर नक्की वाजवायचं."

६

गणपतीत पेठ नाक्याजवळच्या एका मंडळाने त्यांना मांडव दिला. अध्यक्ष आधी म्हणाले, "आरतीनंतर ऑर्केस्ट्रा ठरलाय." चंदर म्हणाला, "ऑर्केस्ट्रात मीच आहे. मी त्या दिवशी रातपाळीत वाजवतोय." मग विषय मिटला.

संध्याकाळ अजून उजेडाची होती. रस्त्यापलीकडे मजुरांच्या गाड्या उभ्या होत्या आणि डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं थांबून बघत होती. मांडवात सातपूरचे जुने कामगार आले होते. त्यातल्या कुणीकुणी जुनी कॅसेट खिशात आणली होती. वाचनालयातले दोघे-तिघेही आले होते. सविताने त्यांना बोलावलं नव्हतं, पण नाशिकमध्ये बातमी लपत नाही. आणि अगदी मागे, विजेच्या खांबाशी, पांढऱ्या शर्टातला किशोर चार माणसं घेऊन उभा होता.

"पावरी?" राजूने हळूच विचारलं.

"नव्या भातापर्यंत नाही."

"ड्रम नाही, पावरी नाही. वाजवायचं काय?"

"जे आहे ते."

मग तिने हर्षलकडून माइक घेतला. शब्द तिला पाठ होते. पण गाणं सुरू करण्याआधी ती थांबली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, गाणार का पुस्तक वाचणार?" माणसं हसली. ते हसू विरेपर्यंत ती थांबली.

आयुष्यभर लोकांनी विचारलं होतं, कुठची तू, आणि ती म्हणायची, सातपूर. हे खोटं नव्हतं, म्हणून ते सोपं होतं.

"मी सविता बहिरू भोये," ती म्हणाली, आणि माइकमुळे तिचा आवाज रस्त्यापलीकडच्या गाड्यांपर्यंत गेला. "मी बोरपाड्याची. भागीबाई माझ्या गावची. माझा बाप मजुरांच्या ट्रकमध्ये बसून या शहरात आला, आणि त्याच ट्रकमध्ये मी आईच्या मांडीवर होते. आम्ही त्या ट्रकमधली माणसं आहोत. बाबा, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता सांगितलं."